संमतीपत्र भरायचं का? सोमवारपासून शाळा सुरू होतायत

मुलुंडकर_सई | २२ जानेवारी २०२२, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि तोही असा अपरात्री, कारण दिवसभर ह्या एकाच गोष्टीवरून घरात धुसफूस चाललीय आणि आत्ता कुठे सगळे झोपलेत.

तर सोमवारपासून, म्हणजे २४ तारखेपासून शाळा परत उघडतायत. गुरुवारी शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर संमतीपत्राची पीडीएफ येऊन पडली. उद्या संध्याकाळपर्यंत सही करून फोटो टाकायचाय. "मी माझ्या पाल्यास स्वेच्छेने शाळेत पाठवत आहे" वगैरे वगैरे, आणि शेवटच्या ओळीत पाल्यास कोरोनाचा संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.

लेक दुसरीत आहे. मार्च २०२० ला सीनियर केजीत होती, तो काळा डगला आणि टोपी घालून फोटो काढायचा कार्यक्रम असतो ना, तो व्हायच्या आधीच सगळं बंद पडलं. पहिली आख्खी मोबाईलवर गेली, दुसरी पण तशीच चाललीय. मध्ये १५ डिसेंबरला शाळा उघडली तेव्हा रोल नंबरप्रमाणे एक दिवसाआड बोलवत होते, मग नाताळची सुट्टी लागली आणि ४ जानेवारीला परत कुलूप. मी बसून मोजले, ही पोरगी दोन वर्षांत एकूण ४ दिवस शाळेत गेलीय. तिची वर्गातली सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणजे "रेडमी नोट नाईन", कारण त्या मुलीच्या बाबांच्या फोनचं नाव स्क्रीनवर तसंच दिसायचं आणि कोणी ते बदललंच नाही. डिसेंबरात पहिल्या दिवशी घरी आली ती ओरडतच, आई, रेडमी नोट नाईनचं नाव आर्या आहे!

आता अडचण. घर वन बीएचके. सासूबाई ७१ वर्षांच्या, डायबेटिस आहे, दोन डोस झालेत पण दुसरा मे मध्ये झाला त्यामुळे बूस्टर, म्हणजे तो प्रिकॉशन डोस, फेब्रुवारीत लागू होईल. लेक झोपते त्यांच्याच शेजारी. नवरा म्हणतो आता राहिलेत किती, एप्रिलपर्यंत ऑनलाईनच करू दे, जूनमध्ये बघू. मला वाटतं जून जून करत दोन वर्षं गेली. तर तुम्ही काय करताय? आणि कृपया "तुमचा निर्णय तुम्हीच घ्या" असं लिहू नका, ते मला मंत्रालयाने पण सांगितलंय :)

---

बेस्टचा_प्रवासी | २३ जानेवारी, सकाळी ७:०५

मुंबईत काय कधी उघडलं ते फक्त ओळीने लिहितो, बाकी काही बोलत नाही. हॉटेलं आणि बार ऑक्टोबर २०२०. लोकल, दोन डोसवाल्यांना, १५ ऑगस्ट २०२१. आठवी ते बारावी ४ ऑक्टोबर. थेटरं २२ ऑक्टोबर. पहिली-दुसरीची पोरं १५ डिसेंबर. आणि जानेवारीत रुग्ण वाढल्यावर पहिलं बंद काय केलं? बरोब्बर. बार चालू, पन्नास टक्के क्षमतेने. पोराला बारमध्ये बसवून पाढे शिकवता आले असते तर एव्हाना तीसपर्यंत पाठ झाले असते.

---

कल्याणकर | २३ जानेवारी, सकाळी ८:२२

मी पाठवणार नाहीये. माझा मुलगा सहावीत आहे. सही केली नाही आणि करणार पण नाही.

का ते सांगतो, लांबण लागेल. मागच्या वर्षी १ फेब्रुवारीला लोकल सगळ्यांना सुरू झाली, वेळेची अट होती पण गर्दी व्हायची ती झालीच. मी तेव्हापासून ऑफिसला जायला लागलो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला ताप आला, दोन दिवसांत उतरला, मला वाटलं सुटलो. चौथ्या दिवशी बाबांना खोकला सुरू झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, ऑक्सिमीटर, सिटी स्कॅन, स्कोअर किती, बेड आहे का, तीन हॉस्पिटलं फिरलो रिक्षाने, रिक्षात बाबांनी माझा हात धरला होता आणि त्यांना स्वतःला दम लागलेला असताना मलाच विचारत होते तुझा ताप कसा आहे. २१ एप्रिलला गेले.

मला कोणी कधी म्हणालं नाही की तू आणलास. आईने पण नाही. पण मी रोज रात्री हिशोब करतो की कुठल्या दिवशीच्या कुठल्या गाडीत झालं असेल. आता माझी आई घरात आहे, ६८ वर्षांची. उद्या तिला काही झालं तर हा हिशोब माझा अकरा वर्षांचा मुलगा करत बसणार. मुलांना सौम्य होतो, मुलं तीन दिवसांत बरी होतात, हे सगळं मान्य आहे हो. तो बरा होईलच. मला भीती त्याच्या तापाची नाहीये.

माझी मागणी एवढीच आहे की ऑनलाईनचा पर्याय चालू ठेवा. आमच्या शाळेने सांगितलंय की सोमवारपासून ऑनलाईन बंद, यायचं तर या नाहीतर घरी स्वतः अभ्यास करा. मग ते संमतीपत्र कसलं? संमती म्हणजे नाही म्हणायची सोय पाहिजे ना.

---

जव्हारचे_गुरुजी | २३ जानेवारी, सकाळी १०:१५

कल्याणकर, तुमचं वाचून दोनदा फोन खाली ठेवला. तुमच्या निर्णयाला मी काही म्हणणार नाही. पण ह्या धाग्यावर "ऑनलाईन की ऑफलाईन" अशी चर्चा चालू झालीये म्हणून आमच्याकडचं लिहितो, कारण आमच्याकडे ह्यातला पहिला पर्याय कधी नव्हताच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, तीन पाड्यांची मिळून ४१ पोरं. मार्च २०२० ला शाळा बंद झाली. मग वरून "शाळा बंद, पण शिक्षण आहे" चालू झालं, रोज व्हॉट्सॅपवर लिंक यायची, अभ्यासमाला, दीक्षा ॲप. साहित्य चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ४१ पोरांमागे स्मार्टफोन ११, त्यातले सात बापाच्या खिशात आणि बाप नाशकाला नाहीतर भिवंडीला कामाला. रेंज पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर येते. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली लागायचं, ते खरंच छान होतं, पण टीव्ही तीन घरी आणि लाईट सकाळची असेलच असं नाही.

म्हणून आम्ही दोघं पाड्यावर जायला लागलो. पहिल्यांदा गेलो तर पाड्याच्या तोंडाशीच आडवं लाकूड टाकलेलं आणि म्हातारे बसलेले. म्हणाले गुरुजी तुम्ही शहरातनं येता, तुम्हीच घेऊन याल रोग, लांबनंच बोला. बरोबरच होतं त्यांचं, आम्हाला त्याच महिन्यात चेकपोस्टवर ड्युटी लागली होती, दिवसभर गाड्या अडवून उभे असायचो. दसऱ्यानंतर कुठे ओसरीत बसू दिलं. पाच-सहा पोरं एका ओसरीत, आठवड्यातनं दोन दिवस एका पाड्याला. त्यात परत "माझे कुटुंब माझी जबाबदारी"चा सर्व्हे आला की आठवडा गेला.

आणि दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर. ते दरवर्षीचंच आहे, पण शाळा चालू असली की आजी-आजोबांकडे पोरांना ठेवून जातात, कारण दुपारी खिचडी मिळते आणि पोर दिवसभर कुठेतरी सुरक्षित असतं. शाळा बंद तर ठेवून काय करायचं, मग पोर पण भट्टीवर. तिथे सहा वर्षांचं पोर विटा पालथ्या घालायला बसतं, ओल्या विटा एका बाजूने सुकल्या की उलटवायच्या असतात ना, लहान हाताला ते बरं जमतं. पोषण आहाराचा तांदूळ घरी वाटला, कोरडा. चार किलो तांदूळ घरात गेला की तो घराचा होतो, त्या पोराच्या ताटात किती पडला कोण बघतंय.

गेल्या १ डिसेंबरला पहिली ते चौथी उघडली. मी खुश. दुसरीतल्या पोरांना पाटीवर नाव लिहायला सांगितलं. चौदा पोरांतल्या तिघांना आलं. त्याहून एक गोष्ट अशी झाली जी मला आधी लक्षातच आली नव्हती. ह्या पोरांची घरची बोली वारली नाहीतर कोकणा. शाळेतली मराठी ती पहिलीत हळूहळू उचलतात, गाणी म्हणत, खेळत, दिवाळीपर्यंत बोलायला लागतात. आता हीच दुसरीतली पोरं, जी २०२० मध्ये पहिलीत यायला हवी होती, ती मी काय बोलतो ते नुसती बघत बसतात. पुस्तक दुसरीचं, आणि मी परत "हा माझा हात, हे माझं नाक" वर. ४० दिवस झाले, जरा गाडी रुळावर येत होती, ओळीत बसून जेवायला लागली होती, आणि १० जानेवारीला परत बंद. का, तर मुंबईत रुग्ण वाढले. आमच्या गावात त्या दिवशी किती रुग्ण होते? शून्य. मुंबई ते आमचं गाव साडेतीन-चार तासांची एसटी, ती पण संपामुळे बंद होती.

हिवरे बाजारने गेल्या जूनमध्येच गाव कोरोनामुक्त करून शाळा भरवली होती. तिथल्या पोपटराव पवारांना जमतं कारण त्यांचं ऐकतात हे मला मान्य, प्रत्येक गावात तसा माणूस नसतो. पण निदान गावाला विचारा तरी. आमच्याकडे पालकांची संमतीपत्रं मी स्वतः वाचून दाखवून घेतली, ३८ अंगठे आणि तीन सह्या. एका आजीने विचारलं, "यात बंद करायची पण विचारता का?"

---

मुलुंडकर_सई | २३ जानेवारी, सकाळी १०:५०

गुरुजी, काय बोलू. मी इथे बूस्टरची तारीख मोजत बसलेय.

कल्याणकर, तुमच्याबद्दल खूप वाईट वाटलं. माझ्या नवऱ्याला तुमचा प्रतिसाद दाखवला तर तो म्हणाला "बघ". गुरुजींचा दाखवला तर गप्प बसला.

---

बालडॉक्टर_नाशिक | २३ जानेवारी, दुपारी १:३०

ओपीडी संपवून लिहितोय, त्यामुळे घाईत. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण इथे सल्ला म्हणून नाही, गप्पा म्हणून घ्या.

ह्या लाटेत माझ्याकडे जी मुलं येतायत त्यांना दोन-तीन दिवस ताप, घसा, कधी उलट्या. बहुतेकांना पॅरासिटॅमॉल आणि पाणी ह्यापलीकडे काही लागत नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) गेले दोन आठवडे शाळा बंदच आहेत, तरी मुलं येतायत. कुठून झाला विचारलं की आई म्हणते ह्यांच्या ऑफिसमध्ये, नाहीतर गेल्या रविवारी साखरपुड्याला गेलो होतो. म्हणजे मुलाला घरात ठेवलं आणि आजार मोठ्यांनी घरी आणून दिला. सईताई, तुम्ही स्वतः लोकलने जाता का? जात असाल तर सासूबाईंना असलेल्या धोक्याच्या हिशोबात लेकीच्या आधी तुमचा नंबर लागतो. टोचून बोलत नाहीये, फक्त हिशोब पूर्ण मांडा.

दुसऱ्या लाटेनंतर एमआयएस-सी चे काही पेशंट मी बघितले. मूल कोविडमधून बरं झालेलं, कधी कधी तर झालाय हेच माहीत नाही, आणि दोन ते सहा आठवड्यांनी जोराचा ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटात दुखणं. हे क्वचित होतं पण होतं, आणि वेळेत आलं तर उपचार आहेत. म्हणून "मुलांना काहीच होत नाही" असं मी कधी म्हणत नाही. पण गेल्या दीड वर्षात मी दुसरं काय बघितलं तेही सांगतो. सहा वर्षांच्या मुलाला चष्मा, मायनस अडीच. आठ वर्षांची मुलगी ४३ किलो. रात्री एकला झोपणारी मुलं. तीन वर्षांचं मूल जे माणसाशी बोलत नाही पण जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी म्हणतं. ह्यांचा आकडा रोज संध्याकाळी बातम्यांत येत नाही म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) डॉ. भार्गवांनी गेल्या जुलैमध्येच सांगितलं होतं की उघडायच्याच तर आधी प्राथमिक शाळा उघडा, लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा बरा हाताळतात. तेव्हाच्या सिरो सर्वेक्षणात (रक्ततपासणीच्या पाहणीत) ६ ते १७ वयातल्या निम्म्याहून जास्त मुलांमध्ये अँटीबॉडीज सापडल्या होत्या, शाळा बंद असताना! आपण केलं उलटं, मोठे वर्ग आधी आणि चिमुरडी सगळ्यात शेवटी. कारण सोपं आहे, दहावी-बारावीला बोर्ड असतं. दुसरीला काय असतं?

लसीसाठी थांबायचं म्हणत असाल तर ३ जानेवारीपासून १५ ते १८ वाल्यांना कोव्हॅक्सिन चालू झालीय. सात वर्षांच्या मुलीची पाळी कधी येईल ह्याची तारीख आज कोणाकडे नाही.

शाळेला सॅनिटायझर आणि तापमान मोजायच्या पिस्तुलाबद्दल विचारू नका, ते सगळ्यांकडे आहे. विचारा की वर्गाच्या खिडक्या उघडतात का. खरंच उघडतात का, की एसी आहे, की गज गंजून बसलेत. डबा कुठे खातात ते विचारा, कारण मास्क तेव्हाच निघतो, बाहेर मैदानात बसवलं तर उत्तम. रिक्षात किती मुलं कोंबतात ते विचारा. हवा खेळती असेल तर अर्धं काम झालं. आणि फेब्रुवारीत सासूबाईंना डोस द्या, तोवर लेकीची गादी बाहेरच्या खोलीत टाका, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

---

खडूफळा | २३ जानेवारी, दुपारी ३:१०

ऑनलाईनचा पर्याय चालू ठेवा म्हणणाऱ्यांसाठी, एका खासगी शाळेतल्या शिक्षिकेकडून. चिडून लिहितेय, समजून घ्या.

डिसेंबरात आम्ही दोन्ही करत होतो. वर्गात २२ मुलं, फोनमध्ये २० मुलं. फोन माझा स्वतःचा, डेटा माझा, स्टँड म्हणून डस्टरला टेकवून ठेवलेला. फळ्यावर लिहायला वळले की फोनमधून "टीचर दिसत नाहीये", फोनकडे वाकले की मागच्या बेंचवर मारामारी. मास्क लावून शिकवते तर फोनवाल्यांना आवाज जात नाही, मास्क काढला तर समोरच्यांचे पालक फोटो काढून ग्रुपवर टाकतात. वर्गातल्या मुलांना बोलायला सांगितलं तर त्यांचा आवाज फोनपर्यंत पोचत नाही, म्हणून प्रत्येकाचं उत्तर मी परत बोलायचं. पाच तास. संध्याकाळी घरी गेल्यावर मुलीशी बोलायला घशात आवाज शिल्लक नसायचा. ह्याला हायब्रिड म्हणतात म्हणे.

आणि हे सगळं कापलेल्या पगारात. ऑगस्टमध्ये सरकारने फीमध्ये १५ टक्के सवलत द्या सांगितलं, पालकांचं बरोबरच होतं, पण आमच्याकडे ती सवलत कुठून वसूल झाली असेल ओळखा.

माझं म्हणणं आहे की एक काहीतरी करा. कल्याणकर, तुमच्यासारख्या पालकांसाठी मी स्वतः रविवारी एक तास वेगळा घ्यायला तयार आहे, वर्कशीट पाठवेन, वह्या तपासेन. पण एकाच वेळी दोन वर्ग मांडीवर घेऊन बसायला सांगू नका. त्यात दोन्हीकडची मुलं उपाशी राहतात.

---

टेम्सकाठची | २३ जानेवारी, सायंकाळी ५:४५ (भारतातली वेळ)

इंग्लंडमधून. आमच्याकडचा किस्सा ऐका. गेल्या वर्षी ४ जानेवारीला, सोमवार होता, नाताळनंतर प्रायमरी शाळा उघडल्या. आदल्या रविवारी पंतप्रधान टीव्हीवर सांगत होते शाळा सुरक्षित आहेत, मुलांना पाठवा. पाठवलं. पोरगा संध्याकाळी घरी आला, डबा सिंकमध्ये टाकला, आणि रात्री आठ वाजता तेच पंतप्रधान परत टीव्हीवर, की उद्यापासून शाळा बंद. एक दिवस! देशातली कितीतरी मुलं एक दिवस एकमेकांना भेटून घरी. त्या मानाने मुंबईची ४ दिवसांची शाळा बरी म्हणायची. त्यानंतर थेट ८ मार्चला उघडल्या.

पण एक गोष्ट इथे बरी होती ती सांगायला लिहितेय. बंद म्हणजे सगळ्यांना बंद नव्हतं. दवाखान्यात, दुकानात, बसवर, कचऱ्याच्या गाडीवर काम करणाऱ्यांच्या मुलांना शाळा चालूच होती, आणि ज्यांच्या घरची परिस्थिती अवघड आहे अशांना पण. मी हॉस्पिटलमध्ये लॅबला आहे त्यामुळे माझा मुलगा जात राहिला, वर्गात नऊ मुलं, तीन वेगवेगळ्या इयत्तांची. आता माझी मावसबहीण ठाण्यात नर्स आहे, नवरा पोलिसात. २०२० च्या एप्रिलमध्ये दोघं ड्युटीवर, आणि सात आणि चार वर्षांची पोरं बाहेरून कुलूप लावून घरात, खिडकीतून शेजारच्या काकू लक्ष ठेवणार. आपण त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्यांच्या पोरांना दिवसभर बसायला एक वर्ग उघडून द्यावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. तेव्हा हजारो शाळांच्या इमारती रिकाम्या होत्या. काही क्वारंटाईनला घेतल्या होत्या हे खरं, पण सगळ्या नाही ना.

उघडायच्या की नाही ह्यावरच आपण दोन वर्षं भांडतोय. कोणासाठी आधी उघडायच्या ह्यावर भांडलो असतो तर गुरुजींची ४१ पोरं पहिल्या नंबरला आली असती.

---

बेस्टचा_प्रवासी | २३ जानेवारी, सायंकाळी ६:०२

+१. आणि गुरुजींना दंडवत.

गेल्या ऑगस्टमध्ये ते अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ वगैरे मंडळींनी १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सर्व्हे केला होता गरीब वस्त्यांमधल्या मुलांचा. खेड्यांत नियमित ऑनलाईन शिकणारी मुलं ८ टक्के, आणि अजिबात अभ्यास होत नाही अशी ३७. तेव्हा पेपरात वाचून मला वाटलं होतं की हे बिहार-झारखंडचं असणार. टेकाडावरची रेंज मुंबईपासून चार तासांवर आहे हे आज कळलं.

---

कल्याणकर | २३ जानेवारी, सायंकाळी ६:४०

खडूफळा मॅडम, रविवारच्या तासाबद्दल धन्यवाद, तुम्ही आमच्या शाळेत असतात तर बरं झालं असतं.

डॉक्टर, लोकलने जाणारा मोठा माणूस जास्त धोकादायक हे तुम्ही सईताईंना लिहिलंत ते मलाच लागलं. मी अजूनही जातो लोकलने. पर्याय नाही. मुलाला बारा तास घरात ठेवून मी स्वतः ८:१२ च्या गाडीत लोंबकळतो ह्याला काही अर्थ नाही हे मला पण कळतं. पण कळणं वेगळं आणि सही करणं वेगळं. पेन घेऊन बसलो होतो काल, नाही झालं. शाळेतून फोन आला तर बघू. आत्ता नाही.

---

जव्हारचे_गुरुजी | २३ जानेवारी, सायंकाळी ७:३०

नका करू सही. घाई नाही. तुमच्या पोराला घरी वडील आहेत शिकवायला, पुस्तकं आहेत, दोन महिन्यांनी गेला तरी तो गाठेल. सगळ्यांनी एकाच दिवशी गेलं पाहिजे असं कुठे आहे? मला फक्त एवढंच हवंय की ज्यांचं दार बंद असल्यावर सगळंच बंद होतं त्यांचं दार तरी दरवेळी मुंबईच्या आकड्यावर लावू नका.

आमची उद्या उघडायची की नाही ते अजून कळलं नाही, जिल्ह्याचा आदेश यायचाय. मी चाव्या घेऊन जाणारच आहे. भट्टीवर गेलेल्यांपैकी सहा पोरांचे फोन लागले, दोघांचे आजोबा म्हणाले आणून सोडतो.

---

मुलुंडकर_सई | २३ जानेवारी, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी काय झालं ते सांगते.

संध्याकाळी नवरा आणि मी किचनमध्ये हळू आवाजात वाद घालत होतो, म्हणजे आमच्या मते हळू. वन बीएचकेमध्ये हळू असं काही नसतं. सासूबाई टीव्ही बंद करून आत आल्या आणि म्हणाल्या, "दोन दिवस माझ्या नावाने भांडताय, मला कोणी विचारलंत का?" आम्ही गप्प. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं जाता ऑफिसला. सकाळी आठ ते अकरा तो फोन धरून कोण बसतं? म्यूट कर, अनम्यूट कर, टीचर काय म्हणाल्या, वही दाखव, नेट गेलं. दीड वर्ष ती शाळा मीच करत्येय. माझी दुसरी झाली आता पास, मला सोडा." आणि परत जाऊन मालिका लावली.

हे मला खरंच सुचलं नव्हतं. आम्ही त्यांना धोक्याच्या खात्यात धरत होतो आणि त्या बिचाऱ्या बिनपगारी शिक्षिका झाल्या होत्या.

शाळेत फोन करून खिडक्यांचं विचारलं (डॉक्टर, थँक्यू). बाई जरा चमकल्या, मग म्हणाल्या दुसरीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, चार खिडक्या, दोन उघडतात. बाकी दोन उघडायला सुतार बोलावतील का विचारलं तर म्हणाल्या अर्ज द्या. देणार आहे. डबा वर्गातच खायचाय, सध्या ते जमत नाहीये म्हणाल्या, म्हणून ह्या आठवड्यात सुकी पोळीभाजी न देता फक्त केळं, दोन मिनिटांत संपेल असं. गादी बाहेरच्या खोलीत टाकलीय, लेकीला वाटतंय तिला स्वतःची रूम मिळाली.

सही केली. नवऱ्याने पण केली. फोटो टाकला तर ग्रुपमध्ये आमचा नंबर २७ वा, ४२ पैकी.

आता नवीन प्रॉब्लेम. डिसेंबरात घेतलेले बूट चालतील पण आमचे रिक्षावाले काका पहिल्या लॉकडाऊनमध्ये गावी गेले ते परत आलेच नाहीत, डिसेंबरात चार दिवस मी रजा टाकून सोडलं होतं. कोणाला मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या बाजूने शाळेत सोडणारे, सहाच्या वर मुलं न घेणारे कोणी माहीत असतील तर प्लीज आज रात्रीच व्यनि (खासगी निरोप) करा.